पिल्लांचे पाय वळले तर आधी खाद्याची गोणी पाहा : कोंबड्यांमधील जीवनसत्त्वांची कमतरता कशी ओळखावी आणि कशी टाळावी

बारा दिवसांचे एक पिल्लू माझ्या तळहातावर होते. डोळे टपोरे, चोच ओली, भूक चांगली. दाणे समोर धरले की टिपत होते. जमिनीवर ठेवले की मात्र ते घोट्यांवर बसून राही आणि पंख टेकत पुढे सरके, कारण दोन्ही पायांची बोटे लहान बाळाच्या मुठीसारखी आत वळलेली होती. सिमरोलजवळच्या आमच्या शेडमध्ये त्या दिवशी अशी नऊ पिल्ले निघाली. मी घाईने तीन प्रकारची टॉनिके आणली. खरे कारण मात्र कोठारात होते. भट्टीसारख्या उन्हात तापणाऱ्या पत्र्याला लागून प्रिमिक्सचे, म्हणजे खाद्यात घालायच्या जीवनसत्त्वांच्या तयार मिश्रणाचे, फोडलेले पाकीट ठेवलेले होते, त्यावर खिडकीचे ऊन थेट पडत होते, आणि त्यातूनच मी पिल्लांचे खाद्य मिसळत होते.

इंदूरमधल्या माझ्या ओळखीच्या अनेक मराठी कुटुंबांनी महू, देपालपूर, सांवेर या बाजूंच्या आपल्या जमिनीवर पन्नास ते दोनशे पक्ष्यांचे छोटे कुक्कुटपालन सुरू केले आहे. कोणी निवृत्तीनंतर अंड्यांच्या कोंबड्या पाळतो, कोणी झाबुआकडून कडकनाथची पिल्ले आणतो. त्यांचा फोन आला की पहिला प्रश्न बहुधा एकच असतो, “ताई, कोणते टॉनिक द्यावे?” त्यावर मी उलट विचारते, “काका, गोणीवर तारीख कोणती आहे?” हा लेख त्या प्रश्नाचे सविस्तर उत्तर आहे. नवख्या पालकाने कोणत्या क्रमाने पाहावे, काय करावे आणि काय करू नये, हे मी माझ्या कामाच्या क्रमानेच लिहीत आहे.

एक गोष्ट आधी सांगणे आवश्यक आहे. जीवनसत्त्वांविषयीचे ज्ञान माणसाला मिळाले त्यात कोंबडीचा वाटा फार मोठा आहे. ख्रिस्तियान आइकमान या डच वैद्याने जावा बेटावर १८९० च्या दशकात पाहिले, की सडीक पांढऱ्या तांदळाचा भात खाणाऱ्या कोंबड्यांचे पाय लुळे पडतात आणि कोंडा दिल्यावर त्या सावरतात. पुढे कोपनहेगनमध्ये हेन्रिक डाम याला चरबीविरहित आहारावरच्या पिल्लांमध्ये कातडीखाली रक्तस्राव आढळला आणि त्यातून जीवनसत्त्व के सापडले. दोघांनाही नोबेल पारितोषिक मिळाले, आइकमान यांना १९२९ साली आणि डाम यांना १९४३ सालचे. त्या प्रयोगांत जाणूनबुजून घडवलेली कमतरता आपल्या शेडमध्ये निष्काळजीपणाने घडते, इतकाच फरक आहे.

पहिली पायरी : खाद्याचा हिशेब आणि गोणीची तारीख

अंडी देणारी कोंबडी दिवसाला साधारण ११० ग्रॅम खाद्य खाते. पन्नास कोंबड्यांना रोज साडेपाच किलो लागते, म्हणजे ५० किलोची गोणी नऊ दिवस पुरते. आता कोणी स्वस्त मिळते म्हणून एकदम दहा गोण्या आणल्या, तर शेवटची गोणी संपेपर्यंत तीन महिने होतात. तोपर्यंत त्यातले जीवनसत्त्व अ, ई आणि के बरेचसे नाहीसे झालेले असते. दाणे दिसायला तसेच राहतात, कोंबडी ते खातेही, म्हणून पालकाला शंका येत नाही. तयार खाद्य दळल्यापासून तीन ते चार आठवड्यांत संपेल एवढेच आणावे. आपल्याकडे जूनअखेर पाऊस सुरू झाला की मी ही मुदत दोन आठवड्यांवर आणते.

गोणीवर उत्पादनाची तारीख नसेल किंवा खोडलेली असेल, तर ती गोणी घेऊ नये. दुकानदार “कालच गाडी आली” म्हणतो, पण गाडी काल आली याचा अर्थ खाद्य काल तयार झाले असा होत नाही. घरी आणल्यावर गोणीवर रंगीत खडूने आणल्याची आणि फोडल्याची, अशा दोन्ही तारखा लिहाव्यात. मूठभर खाद्य हातात घेऊन चोळावे आणि वास घ्यावा. चांगल्या खाद्याला भाजल्या धान्यासारखा गोडसर वास असतो. जुन्या तेलाच्या डब्यासारखा खवट वास आला तर त्यातली चरबी विटलेली आहे आणि तिने जीवनसत्त्व ई जवळजवळ खाऊन टाकले आहे, असे समजावे.

दुसरी पायरी : कोठार

गोण्या जमिनीवर नकोत, लाकडी फळ्यांवर ठेवाव्यात. भिंतीपासून हातभर अंतर राखावे आणि वर पत्रा असेल तर त्याखाली गवताचे किंवा बारदानाचे आच्छादन घालावे. मे महिन्यात इंदूरचा पारा चाळिशीच्या वर जातो, तेव्हा पत्र्याखालची हवा किती तापत असेल याचा अंदाज आपल्याला आत उभे राहिल्याशिवाय येत नाही. उष्णता, ओल, प्रकाश आणि हवा हे जीवनसत्त्वांचे चार शत्रू आहेत. त्यातही रायबोफ्लेविन म्हणजे जीवनसत्त्व ब-२ प्रकाशाने नासते. माझ्या खिडकीतल्या त्या पाकिटाचे नेमके हेच झाले होते.

प्रिमिक्सचे पाकीट फोडल्यावर ते घट्ट झाकणाच्या, प्रकाश न शिरणाऱ्या डब्यात ओतावे आणि घरातल्या थंड, अंधाऱ्या जागी ठेवावे. कोलीन क्लोराइड (ब गटातल्या कोलीनचे पूरक) वेगळे आणले असेल तर ते प्रिमिक्समध्ये मिसळून साठवू नये. ते हवेतली ओल शोषून घेते आणि शेजारच्या जीवनसत्त्वांचा नाश करते. खनिज मिश्रणही वेगळ्या डब्यात असावे. तिन्ही एकत्र यायला हवीत ती खाद्य मिसळण्याच्या दिवशीच.

तिसरी पायरी : घरी खाद्य मिसळणाऱ्यांसाठी

माळव्यात सोयाबीन घरचे आणि मका शेजारच्या निमाडचा, त्यामुळे घरीच खाद्य मिसळण्याचा मोह इथे सगळ्यांना होतो. तो चुकीचा नाही, पण त्याची किंमत ओळखून करावा.

सोयाबीन कच्चे कधीही देऊ नये. त्यात प्रथिनांचे पचन अडवणारा घटक असतो आणि त्यामुळे पिल्लांची वाढ खुंटते. कारखान्यातून उष्णतेची प्रक्रिया होऊन आलेली पेंड, जिला इथे सगळे डीओसी म्हणतात, तीच वापरावी. छावणीच्या किंवा लक्ष्मीबाई नगरच्या मंडीतून मका घेताना दाणा पिवळाधमक आणि कोरडा पाहावा. पिवळ्या मक्यातल्या रंगद्रव्यापासून कोंबडी जीवनसत्त्व अ तयार करते. पांढरा मका, ज्वारी, गहू आणि तांदळाची कणी यांत ते जवळजवळ नसते. वर्षभर पडलेल्या पिवळ्या मक्यातलेही ते बरेच उडून जाते. दाण्याच्या टोकाशी हिरवट-काळी बुरशी दिसली तर तो मका स्वस्तातही नको, कारण बुरशीचे विष यकृतावर आघात करते, आणि यकृत बिघडले की खाद्यातली जीवनसत्त्वे असून नसल्यासारखी होतात. मक्यातले नायसिन हे ब गटातले जीवनसत्त्वही बव्हंशी बांधलेल्या स्वरूपात असते, ते कोंबडीच्या फारसे कामी येत नाही. आणि मका-सोयाबीनच्या शुद्ध शाकाहारी खाद्यात ब-१२ मुळीच नसते, कारण ते वनस्पतींत तयारच होत नाही. म्हणून “सगळे घरचे आणि शुद्ध” एवढ्यावर भागत नाही, प्रिमिक्स घालावेच लागते.

प्रिमिक्स मिसळण्याची रीत नवख्यांकडून सर्वांत जास्त चुकते. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने १९९४ साली ठरवलेल्या गरजेप्रमाणे मांसल पिल्लाला एक किलो खाद्यात ३.६ मिलिग्रॅम रायबोफ्लेविन लागते. ही किमान गरज झाली, व्यवहारात त्याहून अधिक घालतात. तरीही हिशेब करून पाहा : ५० किलो खाद्यात १८० मिलिग्रॅम, म्हणजे चिमटीत मावेल त्याहून कमी. एवढीशी पूड ५० किलोच्या ढिगावर भुरभुरली आणि फावडे चार वेळा फिरवले, तर काही कोंबड्यांना दुप्पट आणि काहींना शून्य मिळते. मी पाकिटावर लिहिलेले प्रमाण तोलून घेते, ते आधी एक किलो मक्याच्या पिठात हाताने चोळून मिसळते, ते पीठ दहा किलो भरड्यात मिसळते आणि मग ते सगळे मोठ्या ढिगात. ढीग स्वच्छ फरशीवर किमान पाच वेळा एका बाजूकडून दुसरीकडे उलटवते. या कामाला अर्धा तास जातो आणि मी तो कधीही वाचवत नाही.

अंड्यांच्या कोंबड्यांचे खाद्य पिल्लांना देऊ नये. त्यात कॅल्शियम साडेतीन ते चार टक्के असते, पिल्लाला सुमारे एक टक्का पुरते. जास्तीच्या कॅल्शियमने पिल्लांचे मूत्रपिंड बिघडते. एकच गोणी सर्वांना, ही सोय महागात पडते.

चौथी पायरी : रोज दहा मिनिटे नुसते पाहणे

सकाळी खाद्य टाकण्यापूर्वी शेडच्या दारात शांत उभे राहावे. खाद्य पडल्यावर कोण धावत येतो आणि कोण मागे राहतो, हे त्या दोन मिनिटांत कळते. मागे राहिलेला पक्षी उचलून क्रमाने पाय, डोळे, चोच, तोंडाचा आतला भाग, छातीचे हाड आणि पिसे तपासावीत. दर आठवड्याला दहा ठरावीक पिल्लांचे वजन करून वहीत लिहावे, कारण बहुतेक कमतरतांचे पहिले लक्षण वाढ मंदावणे आणि पिसे विस्कटलेली दिसणे हेच असते, आणि ते नुसत्या नजरेला उशिरा कळते.

कमतरता कधी सुरू झाली असावी याचा अंदाज बांधताना साठ्याचा विचार करावा. जीवनसत्त्व अ यकृतात साठते, त्यामुळे मोठ्या कोंबडीत त्याची उणीव दिसायला दोन ते पाच महिने लागू शकतात. ब गटातल्या बहुतेक जीवनसत्त्वांचा असा साठा होत नाही आणि पिल्लांमध्ये त्यांची उणीव दोन-तीन आठवड्यांतच उघडी पडते. म्हणजे आज पिल्लाची बोटे वळली तर गेल्या पंधरवड्यातले खाद्य तपासावे, आणि आज कोंबडीच्या डोळ्यांत चिकटा आला तर उन्हाळ्यापासूनची वही उघडावी.

पाचवी पायरी : लक्षणे ओळखणे

पायांपासून सुरुवात करू, कारण नवख्याला पहिली भीती पायांचीच वाटते. बोटे आत वळलेली, पिल्लू घोट्यांवर चालणारे, पण भूक शाबूत, हे चित्र रायबोफ्लेविनच्या कमतरतेचे आहे. ही पिल्ले आजाराने कमी आणि भांड्यापर्यंत पोहोचता न आल्याने, इतरांच्या पायांखाली येऊन जास्त मरतात. म्हणून त्यांना त्याच क्षणी वेगळे काढून पाणी आणि खाद्य उथळ ताटलीत चोचीजवळ ठेवावे. लवकर उपचार झाला तर ती सावरतात. माझ्या नऊ पिल्लांपैकी सहा आठवड्याभरात चालू लागली. उरलेल्या तिघांची बोटे तशीच राहिली, कारण मज्जातंतूंची हानी जुनी झाली की औषधाने भरून येत नाही.

मान मागे ताणून पिल्लू आकाशाकडे टक लावून बसते ते थायामिन म्हणजे ब-१ च्या कमतरतेत. याचे एक कारण खुद्द उपचारात दडलेले असते. रक्ती हगवणीवर दिले जाणारे अॅम्प्रोलियम हे औषध थायामिनसारखे रूप घेऊन ती हगवण घडवणाऱ्या परजीवीला फसवते. ते जास्त दिवस किंवा जास्त मात्रेत दिले तर कोंबडीलाही थायामिन मिळेनासे होते. उलट औषध चालू असतानाच ब-१ चा मोठा डोस दिला तर औषधाचा परिणाम कमी होतो. म्हणून औषधाचा कोर्स आधी पूर्ण करावा, ब गटाची जीवनसत्त्वे त्यानंतर द्यावीत. कच्ची मासळी रोज खाऊ घालणाऱ्यांकडेही हा त्रास होतो, कारण काही माशांमध्ये थायामिन नष्ट करणारे द्रव्य असते.

घोट्याचा सांधा सुजून पाय बाजूला घसरतो, तेव्हा कोलीन, बायोटिन, फोलिक आम्ल, नायसिन किंवा मँगनीज हे खनिज, यांपैकी काहीही कमी असू शकते. मागची कंडरा (स्नायू हाडाला जोडणारी दोरी) सांध्यावरून सरकली की तो पाय पुन्हा सरळ होत नाही. हा प्रकार एखाद-दुसऱ्या पिल्लात दिसला तरी सबंध कळपाच्या खाद्यात ब गट आणि मँगनीज दोन्ही तपासावे.

दोन ते चार आठवड्यांच्या वयात पिल्लू एकाएकी तोल जाऊन पडते, डोके पोटाखाली घालते, पाय झाडते, ते जीवनसत्त्व ई च्या कमतरतेमुळे मेंदूला इजा झाल्याचे लक्षण असते. याच्या मागे बहुतेक वेळा विटलेले तेल किंवा जुना तांदळाचा कोंडा असतो. ई च्या जोडीला सेलेनियमही कमी असेल तर छातीखालच्या कातडीत हिरवट-निळे पाणी साचते. सेलेनियमची गरजेची मात्रा आणि विषारी मात्रा यांत अंतर फार थोडे असल्याने ते स्वतःच्या मनाने कधीही देऊ नये.

आता डोळे आणि तोंड. जीवनसत्त्व अ कमी पडले की डोळ्यांतून आधी पाणी, मग पनीरासारखा पांढरा चिकटा येतो आणि पापण्या मिटून जातात. चोच उघडून घशाकडे पाहिले तर अन्ननलिकेच्या तोंडाशी खसखशीच्या दाण्यांएवढे पांढरे उंचवटे दिसतात. कापसाच्या बोळ्याने हलके पुसल्यावर ते रक्त न येता निघतात. कोंबड्यांच्या देवीच्या ओल्या प्रकारात तोंडात पांढरा पापुद्रा येतो, तो ओढला की मात्र खालून रक्त येते. हा एक फरक लक्षात ठेवला तर पुष्कळ गोंधळ टळतो. अंड्यांत रक्ताचे ठिपके वाढणे आणि अंड्यांची संख्या हळूहळू घटणे ही सुद्धा याच कमतरतेची चिन्हे आहेत.

हाडे आणि अंड्याचे कवच यांचा संबंध ड-३ शी आहे. पिल्लाची चोच दोन बोटांत धरून हलकेच दाबावी. निरोगी चोच टणक लागते, मुडदुसाच्या पिल्लाची रबरासारखी वाकते. फासळ्यांवर माळेतल्या मण्यांसारख्या गाठी हाताला लागतात. अंड्याच्या कोंबडीत पातळ कवचाची किंवा बिनकवचाची अंडी वाढतात आणि काही कोंबड्या पेंग्विनसारख्या उभट बसून राहतात. एका अंड्याच्या कवचात सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम असते. ड-३ नसेल तर शिंपल्याचा चुरा कितीही दिला तरी ते आतड्यातून पुढे जात नाही. कोंबडीला वनस्पतीजन्य ड-२ फारसे उपयोगी पडत नाही, तिला ड-३ च लागते. मोकळ्या फिरणाऱ्या कोंबडीला ते उन्हातून मिळते आणि रोजचे अर्धा-पाऊण तासाचे थेट ऊन पुष्कळ होते, पण काचेतून आलेले ऊन या कामाचे नाही. ऑगस्टमध्ये आठ-आठ दिवस आभाळ भरलेले असते तेव्हा मोकळ्या कोंबड्यांनाही खाद्यातून ड-३ मिळेल अशी व्यवस्था हवी.

रक्तस्रावाविषयी थोडक्यात : लहानशी जखम झाल्यावर रक्त थांबत नसेल, मांड्यांवर आणि पंखांखाली काळे-निळे डाग दिसत असतील, तर के ची शंका घ्यावी. सल्फा औषधांचा मोठा कोर्स झाल्यावर ही उणीव हमखास विचारात घ्यावी. चोच कापण्याच्या दोन-तीन दिवस आधीपासून पाण्यातून जीवनसत्त्व के देण्याची पद्धत आहे, ती पाळावी.

चोचीच्या कडांना आणि पापण्यांना खपल्या, बोटांच्या मध्ये भेगा, ही ब गटातल्या पँटोथेनिक आम्लाच्या कमतरतेची खूण. तळपायांना आधी भेगा आणि मग तोंडाशी खपल्या असा क्रम असेल तर बायोटिन पाहावे. तळपाय ओल्या तुसामुळेही फाटतात, म्हणून आधी शेडमधली तुसाची गादी कोरडी करावी आणि मग कमतरतेचा विचार करावा. नायसिन कमी असल्यास जीभ आणि तोंड काळसर-लाल होते असे पुस्तकात वाचून एका मावशींनी मला घाबरून फोन केला होता. त्यांच्याकडे कडकनाथ होती. कडकनाथची जीभ, कातडी आणि मांस मुळातच काळे असते. २०१८ साली झाबुआच्या या कोंबडीच्या मांसाला भौगोलिक मानांकन मिळाले तेही तिच्या अशाच वेगळेपणासह. त्यामुळे तुरा फिका पडणे, कातडीखालचे डाग, तोंडाचा रंग या खुणा कडकनाथमध्ये नीट दिसत नाहीत. तिच्यासाठी चाल, वजन, डोळे, हाडे आणि अंड्यांची वही यांवरच भर द्यावा.

सहावी पायरी : हा रोग तर नाही ना

कमतरता समजून रोगाकडे दुर्लक्ष करणे ही सर्वांत महागडी चूक आहे. मानमोडीत म्हणजे राणीखेतमध्येही मान वळते, पण तिथे श्वासाची घरघर, हिरवी हगवण आणि भराभर मरणाऱ्या कोंबड्या दिसतात. मॅरेकच्या रोगात एक पाय पुढे आणि एक मागे असा पक्षी पडून राहतो, पण तो साधारणपणे काही आठवड्यांच्या, मोठ्या होत चाललेल्या पक्ष्यांत दिसतो. बोटे वळण्याचा प्रकार दुसऱ्या आठवड्यापासूनच्या पिल्लांत. गंबोरो या विषाणूजन्य रोगात मांड्यांवर रक्ताचे डाग असतात आणि ते के च्या कमतरतेसारखे भासतात. डोळ्यांची सूज सर्दीच्या रोगातही येते, आणि ओल्या गादीतून उठणाऱ्या अमोनियानेही येते. शेडमध्ये शिरल्यावर आपल्याच डोळ्यांची आग होत असेल तर कोंबडीच्या डोळ्यांचे कारण शोधायला लांब जावे लागत नाही.

ढोबळ नियम असा, की कमतरता हळूहळू वाढते, एकाच खाद्यावरच्या अनेक पक्ष्यांत कमी-अधिक दिसते आणि तिच्यात सहसा ताप नसतो. एका-दोन दिवसांत अनेक पक्षी मेले तर मेलेला पक्षी घरी उघडून पाहू नये, कोणालाही देऊ नये आणि ताबडतोब पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे.

खाद्य ताजे असूनही कमतरता दिसत असेल तर आतड्यांकडे वळावे. रक्ती हगवण आणि जंत यांनी आतड्याचे अस्तर खराब केले की जीवनसत्त्वे शोषली जात नाहीत. उन्हाळ्यात वेगळेच कारण असते : उकाड्याने कोंबडी खातेच कमी, म्हणून खाद्यात प्रमाण बरोबर असूनही पोटात कमी जाते. त्या दिवसांत खाद्य पहाटे आणि संध्याकाळी द्यावे, दुपारी फक्त थंड पाणी. जीवनसत्त्व क कोंबडी स्वतः तयार करते, तरी उष्णतेच्या ताणात ते पाण्यातून दिल्याचा फायदा होतो.

सातवी पायरी : उपचार

आधी जुने खाद्य बंद करून ताजे सुरू करावे. हे न करता बाटली आणणे म्हणजे गळकी बादली भरणे. त्यानंतर पाण्यात मिसळणारी जीवनसत्त्वे पाच ते सात दिवस द्यावीत, कारण आजारी पक्षी खाणे सोडतो पण पिणे बराच काळ सोडत नाही. प्रमाण बाटलीवर लिहिलेले किंवा पशुवैद्यांनी सांगितलेले पाळावे.

पाण्याचा अंदाज असा घ्यावा : कोंबडी खाद्याच्या साधारण दुप्पट पाणी पिते, म्हणजे शंभर कोंबड्यांना थंडीत बावीस-पंचवीस लिटर, आणि मे महिन्यात त्याच्या दुप्पट. औषध दिवसभराच्या पाण्यात मिसळू नये. सकाळी दोन-तीन तासांत संपेल एवढ्याच पाण्यात मिसळावे, भांडी सावलीत ठेवावीत, उरलेले फेकून भांडी घासून मग साधे पाणी भरावे. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो आणि तो जीवनसत्त्वांना मारक ठरतो, म्हणून नर्मदेचे पाणी वापरणाऱ्यांनी ते आदल्या रात्री उघड्या पिंपात भरून ठेवावे.

“दिले तर काय बिघडते, जास्त ताकद येईल” असे म्हणत वर्षभर बाटल्या ओतणारे मी पाहिले आहेत. बिघडते. ब गटाचे जास्तीचे बहुधा लघवीवाटे निघून जाते आणि पैसे वाया जातात. अ आणि ड मात्र शरीरात साठतात, आणि ड चा अतिरेक झाला की मूत्रपिंडात चुना साचतो.

परसातल्या दहा-वीस कोंबड्यांसाठी हिरवा चारा हा उत्तम आधार आहे. शेवग्याचा पाला, लसूणघास, राजगिरा बारीक चिरून रोज दिल्यास अ, ई, के आणि रायबोफ्लेविन यांना चांगला हातभार लागतो. पाला वाळवायचा असेल तर सावलीत वाळवावा, उन्हात त्याचा हिरवा रंग आणि कॅरोटिन दोन्ही जातात. हिरव्या चाऱ्यातून ड-३ आणि ब-१२ मिळत नाहीत, एवढे ध्यानात असू द्यावे.

आठवी पायरी : अंडी उबवणाऱ्यांनी आईकडे पाहावे

पिल्लू पहिले काही दिवस आईने बलकात ठेवलेल्या शिदोरीवर जगते. खुडूक कोंबडीखाली ठेवलेल्या बारा अंड्यांतून चारच पिल्ले निघाली, उरलेल्या अंड्यांत पूर्ण न वाढलेली, आखूड गुठळीदार लव असलेली पिल्ले मेलेली सापडली, तर दोष बहुतेक वेळा उबवण्यात नसून आईच्या खाद्यातल्या रायबोफ्लेविनमध्ये असतो. ब-१२ कमी असल्यासही अंडी फुटत नाहीत. आईच्या खाद्यात रायबोफ्लेविन घटल्यावर दोन आठवड्यांतच पिल्ले निघण्याचे प्रमाण घसरते. म्हणून अंडी उबवायला ठेवण्याच्या किमान तीन आठवडे आधीपासून त्या कोंबड्या आणि कोंबडे यांना ताजे, प्रजननासाठीचे खाद्य सुरू करावे. पिल्ले विकत घेणाऱ्यांनीही विक्रेत्याला विचारावे, की अंड्यांच्या कोंबड्यांना काय खाऊ घालता. उत्तर टाळणाऱ्याकडून मी पिल्ले घेत नाही.

नववी पायरी : तपासणीला काय न्यावे

सात दिवसांत फरक दिसला नाही, किंवा आजारी पक्ष्यांची संख्या वाढत गेली, तर अंदाज थांबवावेत. इंदूरकरांना महूचे पशुवैद्यकीय महाविद्यालय तासाभराच्या अंतरावर आहे. १९५५ पासून ते तिथे आहे. आधी फोन करून विचारावे, मगच निघावे. लक्षणे स्पष्ट दिसणारे दोन-तीन जिवंत पक्षी हवेशीर खोक्यात न्यावेत. मेलेला पक्षी न्यायचा असेल तर दोन प्लास्टिक पिशव्यांत बांधून बर्फाबरोबर ठेवावा, गोठवू नये, आणि त्याच दिवशी पोहोचवावा. सोबत चालू गोणीतले अर्धा किलो खाद्य वरच्या, मधल्या आणि तळाच्या भागातून थोडे-थोडे घेऊन स्वच्छ पिशवीत भरावे आणि त्यावर गोणीची तारीख लिहावी. प्रिमिक्सच्या पाकिटाचा फोटो, गेल्या महिन्यात दिलेल्या सगळ्या औषधांची नावे, पक्ष्यांचे वय, लसीकरणाच्या तारखा आणि रोजच्या अंड्यांचे व वजनांचे आकडे एका कागदावर लिहून न्यावेत. परत आल्यावर शेडमध्ये शिरण्यापूर्वी चपला बदलाव्यात आणि ते खोके पुन्हा आत नेऊ नये.